कमी बजेटमधली जुनी गाडी: किलोमीटर बघण्याआधी सर्व्हिसची बिलं मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट मर्यादित आहे, पहिलीच गाडी आहे, घरात चार माणसं, रोजची ये-जा, तर कोणत्या कंपनीची जुनी गाडी घ्यावी, आणि कमी चाललेलीच शोधावी का? लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देणं हेच माझं काम आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात. कमी चाललेली गाडी शोधू नका. वेळेवर सर्व्हिस झालेली आणि त्याचा कागद असलेली गाडी शोधा.

दहा वर्षांची, 30,000 किलोमीटर चाललेली गाडी जाहिरातीत फार मोहक दिसते. पण हे किलोमीटर कसे झाले असतील याचा विचार करा. दोन-तीन किलोमीटर जायचं, गाडी बंद करायची, तासाभराने परत यायचं. एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, आणि ऑइल तापलं नाही तर ती उडूनही जात नाही. ऑइल आंबट होतं, त्याचा काळा चिकट गाळ बनतो आणि बारीक नळ्यांमध्ये साचतो. त्यात मालक म्हणतो, "गाडी चाललीच कुठे?" आणि दोन-तीन वर्षं ऑइलच बदलत नाही. शिवाय रबराचं वय किलोमीटरवर अवलंबून नसतं. होजपाइप, बुश, बेल्ट, इंजिनाची सीलं उभ्या गाडीतही कडक होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो वा न चालो.

याउलट तेवढ्याच वयाची, हायवेवर 1,20,000 किलोमीटर चाललेली गाडी घ्या. इंजिन बहुतेक वेळ योग्य तापमानावर फिरलं, क्लच कमी दाबला गेला, ब्रेक कमी झिजले. दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदलल्याची बिलं सोबत असतील, तर मी डोळे झाकून नाही, पण मनापासून या दुसऱ्या गाडीकडे वळेन.

बिलं वाचायचीही एक पद्धत आहे. सर्व्हिस पुस्तकातले शिक्के पुरेसे नाहीत. शिक्का कोणीही मारू शकतं. ज्या बिलावर तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर आणि घातलेल्या पार्टची नावं आहेत, तेच खरं बिल. ती तारखेप्रमाणे लावून बघा. किलोमीटर सरळ चढत गेलेत का? मध्ये दोन वर्षांची पोकळी आहे का? तीच तक्रार तीनदा आली आहे का, उदाहरणार्थ कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) परत परत भरलं आहे का? मीटर मागे फिरवलेला असेल तर तोही अनेकदा इथेच सापडतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसली आहे, स्टिअरिंगची पकड चकाकतेय, आणि मीटर मात्र 40,000 दाखवतोय, हे जुळत नाही. पुष्कळ गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकांमध्ये) राहते. चांगला स्कॅनर असलेला मेकॅनिक ती वाचू शकतो.

आता कंपनीबद्दल. टोयोटा, होंडा, सुझुकी यांना टिकाऊपणाबद्दल जो लौकिक मिळाला आहे तो कमावलेला आहे. पण तो लौकिक बाजारालाही ठाऊक असतो आणि किमतीत आधीच मिसळलेला असतो. कमी बजेटमध्ये नावाजलेल्या कंपनीची थकलेली गाडी आणि कमी मागणी असलेल्या कंपनीची नीट सांभाळलेली, चार वर्षांनी तरुण गाडी एकाच भावात मिळू शकते. अशा वेळी मी दुसरी तपासायला घेतो. एकाच मॉडेलमध्येही एक इंजिन दणकट आणि दुसरं कटकटीचं असू शकतं, म्हणून "अमुक गाडी कशी आहे" असं विचारू नका. "अमुक गाडी, अमुक इंजिन, अमुक गिअरबॉक्स, अमुक वर्ष" असं विचारा. आणि तिचे पार्ट तुमच्या भागात सहज मिळतात का, तिच्यावर हात बसलेला मेकॅनिक जवळ आहे का, हे तुमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये विचारून घ्या. पार्टसाठी तीन आठवडे उभी राहणारी गाडी रोजच्या ये-जाला काय कामाची?

तुमच्या गरजेला माझी पहिली पसंती म्हणजे टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नसलेलं साधं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. बिघडण्यासारख्या महागड्या गोष्टी त्यात मुळात कमी असतात. लहान टर्बो इंजिनं ताकद छान देतात, पण टर्बो त्याच इंजिन ऑइलवर जगतो. आधीच्या मालकाने ऑइलची हयगय केली असेल तर बिल तुमच्या नावावर येतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांमध्ये हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण त्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहून ते धुतले जात नाहीत. नवी गाडी घेणाऱ्याला हे चालून जातं. दहाव्या वर्षी घेणाऱ्याला ते भोगावं लागतं.

टायमिंग बेल्टबद्दल जरा थांबून बोलतो, कारण कमी किमतीच्या गाडीत सगळं इंजिन घालवू शकणारी ही वस्तू आहे. बेल्ट इंजिनाच्या खालच्या भागाला वरच्या भागाशी जोडतो, म्हणजे पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत येणार नाहीत याची काळजी घेतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. बदलण्याची मुदत इंजिनागणिक वेगळी असते. ती किलोमीटरमध्ये असते, साधारण 60,000 ते 1,00,000 च्या पट्ट्यात किंवा काहींत त्याहून पुढे, आणि वर्षांमध्येही असते. जी आधी येईल ती खरी. विकणारा "बदललाय" म्हणाला आणि बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. बदलताना टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणारी आणि वळवणारी चाकं) आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही सोबत बदला. मजुरी एकदाच लागते.

"यात बेल्टऐवजी चेन आहे, चिंता नको" हे अर्धं खरं आहे. ऑइल उशिरा बदललं तर चेन ताणते, आणि ती सकाळी पहिल्या स्टार्टला काही क्षण खडखडते. तिसरा प्रकार इंजिन ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या रबरी बेल्टचा. फोर्डचं 1.0 लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सित्रोएनचं 1.2 लिटर प्युअरटेक ही याची ओळखीची उदाहरणं आहेत. या दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्यांत चेन आली, त्यामुळे समोरच्या गाडीत नेमकं काय आहे ते वर्ष आणि इंजिन क्रमांकावरून पक्कं करा. चुकीच्या प्रतीचं किंवा जुनं झालेलं ऑइल या बेल्टचे कण सोडवतं आणि ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइलच्या प्रतीसकट बिलं नसतील तर अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

ऑटोमॅटिक हवी असेल तर आतला गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते आधी कळून घ्या. टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) जुना प्रकार सहनशील असतो, पण त्याचं ऑइल बदललेलं हवं. "आयुष्यभर बदलावं लागत नाही" हा दावा दुसऱ्या मालकाच्या उपयोगाचा नाही. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांशिवाय सलग बदलत जाणारा प्रकार) चढावर जोर दिल्यावर थरथर किंवा रडका आवाज येतो का ते बघा. कोरड्या क्लचचे ड्युअल क्लच (दोन क्लच असलेले) गिअरबॉक्स गर्दीत, अर्ध्या क्लचवर रांगताना लवकर थकतात. कमी बजेटमध्ये मी ते टाळतो. डिझेल रोज लांब पल्ला असेल तरच. छोट्या फेऱ्यांत धूर गाळणारा फिल्टर तुंबतो, कारण आतली काजळी जाळायला लागणारी उष्णता त्याला मिळत नाही. इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था), टर्बो, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक) यांपैकी कोणताही एक पार्ट तुमचं वर्षाचं गणित मोडू शकतो.

जुन्या आलिशान गाडीच्या मोहात पडू नका. गाडीची किंमत दहा वर्षांत कोसळते, तिच्या पार्टची मात्र कोसळत नाही. जुनी इलेक्ट्रिक घ्यायची तर बॅटरीची उरलेली क्षमता मोजून दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायची सक्रिय व्यवस्था नव्हती, आणि उष्ण हवेत त्यांची क्षमता लवकर घटल्याचं जगभर दिसलं.

आता प्रत्यक्ष गाडी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर कारण विचारा आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. इंजिनाच्या बहुतेक खोडी थंड असतानाच बोलतात: चेनचा खडखडाट, कमकुवत बॅटरी, निळा धूर.

स्टार्ट करण्याआधी इंजिन थंड असतानाच कूलंटचं झाकण उघडा. तापलेल्या इंजिनाचं कधीही नाही, वाफेने हात आणि तोंड भाजतं. आतलं कूलंट स्वच्छ रंगाचं हवं. तपकिरी गंजाचं पाणी, नुसतं नळाचं पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर सावध व्हा. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) गेलं असं म्हणू नका. थंड हवेत छोट्या फेऱ्यांनीही तो येतो. पण सायही आहे, कूलंटही कमी आहे आणि इंजिन सुरू केल्यावर होजपाइप लगेच दगडासारखा घट्ट होतोय, असं असेल तर मामला गंभीर. याची एक स्वस्त, छान चाचणी आहे. कूलंटच्या तोंडावर निळं रसायन असलेली नळी धरतात. इंजिनातला जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत ते रसायन पिवळं होतं. मेकॅनिककडे हे किट असतं का, विचारा.

इंजिन सुरू न करता चावी "ऑन"वर फिरवा. चेक इंजिन, ऑइल, एबीएस, एअरबॅग यांचे दिवे आधी लागायला हवेत आणि सुरू झाल्यावर विझायला हवेत. एखादा दिवा लागतच नसेल, तर तो विझवून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. एअरबॅगच्या दिव्यात हे विशेष बघा. उघडून गेलेल्या एअरबॅगा न बदलता डॅशबोर्ड नीट करून विकलेल्या गाड्या असतात, आणि त्या गाडीत तुमची मुलं बसणार आहेत.

आता सायलेन्सरमागे एकाला उभं करून गाडी सुरू करा. सुरू होताना निळ्या धुराची एक झुळूक येऊन थांबली तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं. जोर देताना निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंगा किंवा टर्बो, म्हणजे मोठा खर्च. काळा धूर जास्त इंधनाचा. थंडीत पांढरी वाफ येणं स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय.

स्कॅनर लावणं फार महागाचं काम नाही, पण नुसते एरर कोड बघून थांबू नका. कोड पुसून टाकायला एक मिनिट पुरतं. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, "अपूर्ण" दिसू लागतात आणि ठरावीक प्रकारे गाडी चालल्यावरच पूर्ण होतात. कोड एकही नाही आणि बरेचसे मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी नवी असल्याचं बिल असेल तर ठीक. नसेल तर दोन-चार दिवसांनी परत स्कॅन करू द्या असं सांगा. विकणाऱ्याची तयारी बघूनच पुष्कळ कळतं.

ठोकलेली गाडी ओळखायला दिवसाचा उजेड आणि कोरडी गाडी हवी; धुतलेली ओली गाडी बघू नका. बॉनेट, फेंडर आणि दारांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, दाराच्या रबरावर रंगाचे कण आहेत का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, ते पाहा. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण 80 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. पुटी भरलेल्या जागी रंगाची जाडी मोजणारा मापक अनेक शे मायक्रॉन दाखवतो. एखादं दार रंगवलेलं असणं मला खटकत नाही. रोजच्या वापरात खरचटतं. मला खटकतात ते वाकवून सरळ केलेले सांगाड्याचे भाग: पुढचे एप्रन (बॉनेटखालचा चाकांवरचा पत्रा), पिलर (छत धरणारे खांब), डिकीतल्या स्टेपनीखालचा पत्रा. तिथे सुरकुती किंवा हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं तर मी पुढची तपासणी थांबवतो. काचांवरही निर्मितीचं वर्ष सूचित करणारी खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का ते विचारा.

पाण्यात बुडालेली गाडी कोणत्याही भावात नको. तिच्या वायरिंगच्या जोडण्या महिनोन् महिने गंजत राहतात आणि बिघाड कधी एसीत, कधी एबीएसमध्ये, कधी स्टार्टिंगमध्ये उगवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा; चिखलाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, स्टेपनीची जागा बघा. आत उग्र सुगंधी फवारा मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा आणि वास घ्या.

फेरी किमान अर्ध्या तासाची करा, आणि रेडिओ बंद. चौथ्या गिअरमध्ये हळू वेगाने पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा (आरपीएम) चढला आणि गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच गेलाय. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बदलाव्या लागतील. पूर्ण वळवून हळू फिरताना टक-टक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी आणि वळताना बदलणारी गुणगुण म्हणजे व्हील बेअरिंग. हे सगळे खर्च मोजता येतात, त्यामुळे ते भाव करायला वापरा. परत आल्यावर एसी लावून दहा मिनिटं गाडी उभी चालू ठेवा, तापमानाचा काटा स्थिर राहतो का आणि फॅन लागतो का ते बघा, मग बंद करून लगेच परत सुरू करा. टायरवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच असतो.

एवढं बघूनही गाडी पसंत पडली, तर तुम्ही निवडलेल्या आणि तुम्ही पैसे दिलेल्या मेकॅनिककडे ती लिफ्टवर चढवा. विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको. खालून तेलाची गळती, गंज, ताज्या काळ्या रंगाने झाकलेला गंज, ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश हे लिफ्टशिवाय दिसतच नाही. विकणारा लिफ्टवर न्यायला नकार देत असेल तर धन्यवाद म्हणून निघा. दुसरी गाडी मिळते.

कागदांतलं नाव विकणाऱ्याशी, आणि चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. चासी नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. कुठे दिसली तर नंबर नीट वाचला गेला नाही किंवा काहीतरी गडबड आहे. गाडीवर कर्ज बाकी नाही याचं लेखी पत्र घ्या. याच नंबरावर कंपनीचं रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणं) प्रलंबित आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचं) प्रकरण आठवत असेल: त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडून इन्फ्लेटर फुटायचे आणि धातूचे तुकडे प्रवाशांवर उडायचे. अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि 2017 मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. त्या काळातल्या गाड्या आज नेमक्या तुमच्या बजेटमध्ये येतात. रिकॉलची दुरुस्ती सहसा फुकट होते, फक्त कोणाला तरी गाडी न्यावी लागते.

शेवटचा मुद्दा पैशाचा. संपूर्ण बजेट गाडीवर घालू नका. किमान पाचवा भाग बाजूला ठेवा. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, आणि बिल नसेल तर टायमिंग बेल्ट, एवढं करून घ्या. टायर आणि बॅटरीचा नंबर त्यानंतर, तपासणीत जे निघालं असेल त्याप्रमाणे. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम सगळ्यात शेवटी. आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची बिलं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, वर त्या दिवशीचे किलोमीटर लिहून. निवडलेली दोन-तीन मॉडेलं इंजिन, गिअरबॉक्स आणि वर्षासकट कळवलीत, तर त्यांत खास काय तपासायचं ते सांगेन.